अल्सासच्या द्राक्षवाटेवर : सेंद्रिय वाइन ओळखण्यासाठी आणि वाइनऱ्या पाहण्यासाठी नवख्यांना मार्गदर्शन

फ्रान्समधील वाइनचा विषय निघाला की आपल्याकडे बोर्डो, बर्गंडी आणि शॅम्पेन यांची नावे आधी घेतली जातात. परंतु सेंद्रिय वाइन म्हणजे काय हे समजून घ्यायचे असेल, आणि तेही ती पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या अंगणात उभे राहून, तर नवख्या माणसाने अल्सासपासून सुरुवात करावी असे माझे स्पष्ट मत आहे. येथील गावे एकमेकांपासून तीन-चार किलोमीटरवर आहेत, बहुतेक वाइनऱ्या कुटुंबाच्या मालकीच्या आहेत आणि बाटलीवर द्राक्षाच्या जातीचे नाव ठळक छापण्याची येथे जुनी प्रथा आहे, जी फ्रान्सच्या इतर अनेक प्रदेशांत आढळत नाही. शिवाय सेंद्रिय शेती येथे अलीकडची लाट म्हणून आलेली नाही. बर्गहोल्त्स गावातील ओझेन मेयर या वाइनरीने १९६९ मध्ये बायोडायनॅमिक पद्धत (सेंद्रिय शेतीचाच एक विशेष प्रकार, त्याविषयी पुढे) स्वीकारली, तर प्फाफेनहाइम येथील पिएर फ्रिक या वाइनरीत १९७० पासून सेंद्रिय शेती होत आहे. म्हणजे सेंद्रिय वाइनसाठी युरोपीय कायदा होण्याच्या चार दशके आधीपासून येथील काही शेतकरी या वाटेने चालत होते.

एक गोष्ट आरंभीच सांगितली पाहिजे, कारण पुढचे सर्व मार्गदर्शन तिच्यावर आधारलेले आहे. वाइन सेंद्रिय आहे की नाही हे केवळ चवीवरून कोणालाही खात्रीने सांगता येत नाही. सेंद्रियपण आधी मातीत असते, नंतर कागदावर येते आणि पेल्यात ते सर्वांत शेवटी पोहोचते. बहुतेक प्रवासी मात्र उलट्या क्रमाने जातात. ते थेट पेल्यापाशी येतात, चार घोट घेतात, दोन बाटल्या विकत घेतात आणि बाग न पाहताच परत फिरतात. आपण तसे करू नये.

प्रदेश आणि ऋतू

अल्सास हा फ्रान्सच्या पूर्व सीमेवरील चिंचोळा पट्टा असून त्याच्या पश्चिमेस व्होज पर्वत आणि पूर्वेस र्‍हाइन नदी आहे. अटलांटिक महासागराकडून येणारे ढग व्होजच्या पश्चिम उतारावर रिकामे होतात आणि पूर्वेकडच्या द्राक्षबागांना पाऊस कमी मिळतो. सह्याद्रीमुळे नगर-सिन्नरकडे जी पर्जन्यछाया पडते, तसाच हा प्रकार आहे. कोलमार शहरात वर्षाला साधारण ६०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि फ्रान्समधील सर्वांत कोरड्या शहरांत त्याची गणना होते. सेंद्रिय शेतीच्या दृष्टीने हा तपशील कळीचा आहे. पाऊस आणि दमटपणा कमी असला की डावणीसारखे बुरशीजन्य रोग आटोक्यात ठेवणे सोपे जाते, आणि रासायनिक बुरशीनाशके सोडून देण्याची जोखीम शेतकऱ्याला परवडते. नाशिक किंवा तासगाव भागातील ज्या वाचकांच्या घरी द्राक्षबाग आहे, त्यांना ऐन वेळी आलेला पाऊस किती महागात पडतो हे वेगळे सांगायला नको.

अल्सासचा द्राक्षमार्ग, म्हणजे गावांना जोडणारा पर्यटनमार्ग, १९५३ मध्ये सुरू झाला. उत्तरेस मार्लेनहाइमपासून दक्षिणेस तानपर्यंत तो सुमारे १७० किलोमीटर जातो. एवढा सगळा मार्ग एका फेरीत पाहण्याचा अट्टहास करू नये. प्रथमच जाणाऱ्याने कोलमार येथे मुक्काम करावा आणि टुर्कहाइम, एगिसहाइम, कायसर्सबर्ग, रिकव्हीर, हुनावीर, रिबोव्हिले आणि बर्गहाइम या टापूपुरते आपले क्षेत्र ठरवावे. पॅरिसच्या पूर्व स्थानकावरून वेगवान रेल्वेने कोलमार साधारण सव्वादोन ते अडीच तासांच्या अंतरावर आहे आणि स्ट्रासबुर्गहून प्रादेशिक गाडी अर्ध्या तासाच्या आसपास पोहोचवते.

ऋतूची निवड विचारपूर्वक करावी. मे महिन्याच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंतचा काळ मला सर्वांत योग्य वाटतो, कारण वेलींना पालवी आलेली असते, ओळींमधील गवत आणि रानफुले उभी असतात आणि शेतकऱ्याला बोलायला थोडी सवड असते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तोडणी चालते. ते दृश्य देखणे असले, तरी त्या दिवसांत छोट्या वाइनरीतील घरातले सर्वजण पहाटेपासून बागेत किंवा दाबयंत्रापाशी असतात आणि पाहुण्यांसाठी कोणाला वेळ नसतो. आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळ छाटणी अशा दोन छाटण्या होतात. येथे वेल थंडीत पूर्ण झोपी जातो आणि छाटणी हिवाळ्यात एकदाच होते. त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीत गेल्यास उघडी काडी आणि बंद दारे यांपलीकडे फारसे काही हाती लागत नाही. नाताळापूर्वीचे आठवडे तेथील बाजारांसाठी प्रसिद्ध आहेत, परंतु ती गर्दी वाइन शिकायला सोयीची नाही.

लेबल वाचायला शिकावे

प्रवासाला निघण्यापूर्वी घरी बसून करण्याचे काम म्हणजे लेबलवरील खुणांची ओळख. हिरव्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या ताऱ्यांनी रेखलेले पान ही युरोपीय संघाची सेंद्रिय खूण आहे आणि सेंद्रिय म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटलीवर ती असतेच. तिच्याजवळ एफआर-बिओ ही अक्षरे आणि पुढे एक क्रमांक दिलेला असतो. तो क्रमांक प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचा असतो. उदाहरणार्थ, ०१ हा क्रमांक इकोसर्ट या संस्थेचा आहे. हिरव्या-पांढऱ्या चौकटीतील ए आणि बी ही अक्षरे फ्रान्सची स्वतःची जुनी सेंद्रिय खूण दर्शवतात. ती ऐच्छिक आहे, त्यामुळे ती दिसली नाही म्हणून शंका घेण्याचे कारण नाही.

या खुणेमागचा नियम असा की द्राक्षबाग सेंद्रिय ठरण्यासाठी तीन वर्षांचा संक्रमणकाळ पूर्ण करावा लागतो. या काळात तणनाशके, कृत्रिम कीटकनाशके, कृत्रिम बुरशीनाशके आणि रासायनिक खते पूर्ण बंद ठेवावी लागतात, मात्र वाइन सेंद्रिय म्हणून विकता येत नाही. म्हणजे खर्च आणि जोखीम पहिल्या दिवसापासून शेतकऱ्याच्या माथी येते आणि भाव मात्र तीन वर्षांनी मिळतो. संक्रमणकाळातील बागेच्या बाटलीवर फ्रेंचमध्ये ‘ओं कॉन्व्हर्सियों’ असा उल्लेख आढळू शकतो. अशा बाटल्या मी मुद्दाम विकत घेतो, कारण त्या शेतकऱ्याला आधाराची खरी गरज तेव्हाच असते.

जुन्या बाटल्या पाहताना आणखी एक भेद लक्षात ठेवावा. २०१२ पर्यंत युरोपात ‘सेंद्रिय वाइन’ असे कायदेशीर नावच नव्हते. फक्त ‘सेंद्रिय द्राक्षांपासून बनवलेली वाइन’ एवढेच लिहिता येत असे, कारण नियम बागेला लागू होते आणि तळघराला नव्हते. २०१२ च्या तोडणीपासून तळघरातील प्रक्रियेलाही नियम आले. त्यांतील सर्वांत चर्चेचा नियम सल्फाइटचा, म्हणजे वाइन टिकवण्यासाठी घातल्या जाणाऱ्या गंधकयुक्त पदार्थाचा आहे. ड्राय म्हणजे जवळजवळ साखर नसलेल्या सेंद्रिय वाइनमध्ये एकूण सल्फाइट लाल प्रकारात लिटरला १०० मिलिग्रॅम आणि पांढऱ्या प्रकारात १५० मिलिग्रॅम यांपुढे जाऊ शकत नाही. साध्या वाइनसाठी हीच मर्यादा १५० आणि २०० आहे. म्हणजे सेंद्रिय वाइनमध्ये सल्फाइट कमी असते, पण ते नसतेच असे मुळीच नाही. आंबवणाऱ्या यीस्टकडूनच थोडे सल्फाइट तयार होत असल्याने ‘शून्य सल्फाइट’ हा शब्दप्रयोगही सैल आहे. सल्फाइटमुळे डोके दुखते अशी समजूत सर्वत्र ऐकू येते, परंतु बाजारातील सुकवलेल्या केशरी जर्दाळूमध्ये ते वाइनपेक्षा कितीतरी जास्त असते. दम्याच्या रुग्णांनी मात्र सल्फाइटबाबत खरोखर सावध राहावे.

डेमेटर आणि बिओडिव्हॅं ही बायोडायनॅमिक शेतीची प्रमाणपत्रे आहेत. या पद्धतीचा पाया रुडॉल्फ स्टायनर यांनी १९२४ मध्ये दिलेल्या व्याख्यानांत घातला गेला. गाईच्या शिंगात शेण भरून ते हिवाळाभर जमिनीत पुरायचे, वसंतात काढून पाण्यात तासभर घुसळायचे आणि अत्यल्प प्रमाणात शेतावर फवारायचे, हा तिच्यातील सर्वांत परिचित विधी. जीवामृत करणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला तो फारसा परका वाटणार नाही. चंद्राच्या कलांनुसार कामे करण्याच्या तिच्या दाव्यांना विज्ञानाचा भक्कम आधार मिळालेला नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तरीही ज्या बागांत ही पद्धत पाळली जाते, तेथे शेतकरी प्रत्येक ओळीतून वर्षभरात अनेक वेळा पायी फिरतो आणि त्या लक्ष देण्याचा परिणाम वेलीवर दिसतो, असे माझे निरीक्षण आहे. टुर्कहाइमची झिंड-हुम्ब्रेख्ट, कायसर्सबर्गची वाइनबाख, विंट्झेनहाइमची जोसमेयर आणि बर्गहाइमची मार्सेल दाइस या नावाजलेल्या वाइनऱ्या बायोडायनॅमिक पद्धतीने शेती करतात.

‘नैसर्गिक वाइन’ हा वेगळा गट आहे. त्यासाठी २०२० पासून फ्रान्समध्ये ‘व्हॅं मेतोद नात्युर’ नावाची सनद आहे. तिच्यात द्राक्षे सेंद्रिय असणे, तोडणी हाताने होणे, यीस्ट बागेतलेच असणे आणि सल्फाइट लिटरला जास्तीत जास्त ३० मिलिग्रॅम असणे अशा अटी आहेत. याउलट एच-व्ही-ई ही तीन अक्षरे पर्यावरणस्नेही शेतीची सरकारमान्य पातळी दाखवतात, परंतु ती सेंद्रिय शेतीची खूण नाही, कारण तिच्यात कृत्रिम औषधांवर सरसकट बंदी नाही. नवख्यांची सर्वाधिक फसगत येथेच होते.

भेट कशी ठरवावी

फ्रान्समध्ये आजांस बिओ ही सरकारी पाठबळाची संस्था सेंद्रिय उत्पादकांची सार्वजनिक यादी ठेवते. गावाचे नाव घालून त्या यादीत शोधल्यास त्या गावातील प्रमाणित वाइनऱ्या समोर येतात. त्यांतून मोठी नावे एक-दोनच घ्यावीत आणि बाकीच्या भेटी लहान घरांना द्याव्यात. दारावर खांद्यावर पिंप घेतलेल्या माणसाचे चिन्ह दिसले, तर तो शेतकरी स्वतःच्या द्राक्षांपासून स्वतः वाइन बनवून स्वतः बाटलीत भरतो, असे समजावे. ती स्वतंत्र वाइन-शेतकऱ्यांच्या संघटनेची खूण आहे.

भेटीची वेळ किमान आठवडाभर आधी ई-मेलने किंवा दूरध्वनीने ठरवावी. पत्रात चार गोष्टी स्पष्ट लिहाव्यात : आपण किती जण आहोत, कोणत्या भाषेत बोलू शकतो, बाग पाहण्याची इच्छा आहे, आणि आपण नवखे आहोत. शेवटची गोष्ट लिहिण्यात संकोच करू नये, कारण ती वाचून समोरचा माणूस आपल्यासाठी वेगळी तयारी करतो. दुपारी १२ ते २ ही जेवणाची वेळ तेथे कटाक्षाने पाळली जाते आणि रविवारी अनेक लहान वाइनऱ्या बंद असतात. ठरलेल्या वेळी न जाणे हा तेथे मोठा अविनय मानला जातो. बेत बदलला तर आदल्या दिवशी तरी कळवावे.

दिवसाला दोनच वाइनऱ्या पाहाव्यात, एक सकाळी दहाला आणि एक दुपारी तीनला. पहिल्या फेरीत मी एका दिवशी चार भेटी ठरवल्या होत्या. तिसऱ्या घरी पोहोचेपर्यंत जीभ थकली होती, टिपणे एकमेकांत मिसळली होती, आणि ज्या शेतकऱ्याने माझ्यासाठी दीड तास राखून ठेवला होता, त्याला मी नीट प्रश्नही विचारू शकलो नाही. त्याची रुखरुख मला आजही आहे.

वाहनाचा विचार याच टप्प्यावर करावा. फ्रान्समध्ये वाहनचालकाच्या रक्तात लिटरमागे ०.५ ग्रॅम एवढीच अल्कोहोलची मर्यादा आहे आणि नव्या परवानाधारकांसाठी ती ०.२ ग्रॅम आहे. व्यवहारात चालकाने घोट गिळूच नये. त्याहून बरे म्हणजे मोटार न घेणे. कोलमारहून टुर्कहाइमला रेल्वेने दहा-पंधरा मिनिटांत जाता येते, स्थानक गावाच्या जुन्या वेशीसमोरच आहे आणि गावाच्या पाठीशी ब्रांड ही प्रसिद्ध ग्रॅनाइटची टेकडी उभी आहे. एगिसहाइम सहा-सात किलोमीटरवर असल्याने सायकलने सहज होते. कायसर्सबर्ग, रिकव्हीर आणि रिबोव्हिले येथे बस जातात, परंतु त्या विरळ असल्याने परतीची वेळ आधी पाहून ठेवावी.

आधी बाग, मग तळघर

भेटीच्या दिवशी ठरलेल्या वेळेच्या तासभर आधी गावात पोहोचून एकट्यानेच बागांमधून चालावे. बहुतेक गावांत द्राक्षबागांतून जाणाऱ्या खुणा केलेल्या पायवाटा आहेत. वाट सोडू नये, द्राक्षाला हात लावू नये, नुसते पाहावे. पाहण्याची जागा म्हणजे वेलीच्या बुंध्याखालची वीत-दोन वीत रुंदीची पट्टी. वसंत ऋतूत काही बागांत ही पट्टी करपल्यासारखी तांबूस-पिवळी दिसते आणि दोन ओळींमधील गवत तेवढे हिरवे असते. तेथे तणनाशक फवारलेले आहे. सेंद्रिय बागेत बुंध्याखाली एकतर हिरवे तण असते, किंवा माती नुकतीच उलथलेली असते, कारण तेथे तण काढण्यासाठी वेलीला बगल देत चालणारी पाती लावलेला ट्रॅक्टर किंवा तीव्र उतारावर घोडाही वापरतात. अनेक ठिकाणी एक सोडून एक ओळ नांगरलेली आणि मधली ओळ गवताची ठेवलेली दिसते. तारांवर अंतराअंतराने लटकवलेल्या लहान कुप्या दिसल्या, तर त्या कामगंधाच्या असतात. त्यांच्या गंधामुळे द्राक्षाचे घड पोखरणाऱ्या पतंगाच्या नराला मादी सापडत नाही आणि अंडी घातली जात नाहीत. मात्र या कुप्या रासायनिक शेती करणारेही वापरतात, म्हणून एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये.

एका भेटीत वाइनरीच्या मालकीणबाईंनी मला पेला देण्याऐवजी आधी फावडे हातात दिले. आम्ही त्यांच्या ओळीत एक वीत खोल खणले. माती भुसभुशीत निघाली, तिच्यात गवताच्या बारीक मुळ्यांचे जाळे होते, गांडुळांची बिळे होती आणि हाताने दाबल्यावर ती गोळा होऊन पुन्हा सुटत होती. आपल्याकडे ज्याला वाफसा म्हणतात, तीच अवस्था. मग त्यांनी बांधापलीकडे स्वतःच नव्याने विकत घेतलेल्या तुकड्यात खणायला सांगितले, जेथे आधीच्या मालकाने अनेक वर्षे तणनाशक वापरले होते. फावडे तेथे आदळले आणि विटेसारखे ढेकूळ निघाले. त्या दोन खड्ड्यांमध्ये वीस पावलांचेही अंतर नव्हते. त्या म्हणाल्या की या दुसऱ्या जमिनीला पहिलीसारखी व्हायला किती वर्षे लागतील हे त्यांना सांगता येत नाही, पण त्या थांबायला तयार आहेत. सेंद्रिय वाइनविषयी मी जे काही वाचले होते, त्याहून अधिक त्या दहा मिनिटांत कळले. म्हणून वाचकांना आग्रहाने सुचवतो की पत्रातच बाग दाखवण्याची विनंती करावी आणि चिखलाचे बूट सोबत न्यावेत.

बागेत उभे असतानाच तांब्याविषयी विचारावे. सेंद्रिय द्राक्षशेतीत डावणीवर बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुना, हाच आजही मुख्य उपाय आहे, आणि भुरीवर गंधक. हे मिश्रण १८८५ च्या सुमारास बोर्डो येथील वनस्पतिशास्त्रज्ञ मियार्दे यांच्या प्रयत्नांतून रूढ झाले आणि आपल्या द्राक्ष बागायतदारांच्याही रोजच्या परिचयाचे आहे. परंतु तांबे जमिनीत साचते आणि गांडुळांना अपाय करते, म्हणून युरोपीय संघाने हेक्टरी सात वर्षांत २८ किलो अशी मर्यादा घातली आहे, म्हणजे वर्षाला सरासरी ४ किलो. चांगला शेतकरी आपला आकडा तोंडपाठ सांगतो, ओल्या वर्षी तो का वाढला हेही सांगतो आणि नेटलसारख्या, म्हणजे स्पर्श होताच अंगाला खाज आणणाऱ्या वनस्पतींचे काढे वापरून तो कमी करण्याचे प्रयत्नही दाखवतो. हा प्रश्न विचारल्यावर कोणी विषय टाळला, तर त्याची मनात नोंद करावी.

मातीच्या प्रकाराविषयीही याच वेळी विचारून घ्यावे, कारण अल्सासइतकी भूगर्भाची सरमिसळ क्वचितच एवढ्या लहान प्रदेशात सापडते. टुर्कहाइमची ब्रांड आणि कायसर्सबर्गची श्लोसबर्ग ही टेकडी ग्रॅनाइटची, आंडलाऊची कास्टेलबर्ग काळ्या शिस्टची, विंट्झेनहाइमची हेंग्स्ट चुनखडी आणि चिकणमातीची, तर दक्षिण टोकाची तान येथील रांगेन ज्वालामुखीच्या खडकाची आहे. अशा निवडक ५१ जागांना ग्राँ क्रू हा दर्जा आहे आणि लेबलवर त्या जागेचे नाव येते.

बागेनंतरच्या तळघरात अल्सासची खास ओळख म्हणजे लाकडाची लंबगोल मोठाली पिंपे. ती दशकानुदशके वापरली जातात, त्यामुळे ती वाइनला लाकडाची चव देत नाहीत. ती फक्त तिला सावकाश श्वास घेऊ देतात. येथे तीन प्रश्न पुरेसे आहेत. यीस्ट बागेतले की विकतचे? वाइन गाळाबरोबर किती महिने ठेवता? सल्फाइट केव्हा आणि किती घालता? उत्तरांपेक्षा ती कशी दिली जातात याकडे अधिक लक्ष द्यावे.

चव घेताना

आत शिरताना ‘बोंजूर’ म्हटल्याशिवाय पुढचे कोणतेही वाक्य बोलू नये. हा फ्रान्समधील शिष्टाचाराचा पहिला नियम आहे. त्या दिवशी अत्तर लावू नये, आणि पान, सुपारी, बडीशेप किंवा पुदिन्याची गोळी चव घेण्यापूर्वी तासभर तरी टाळावी. पोट रिकामे नसावे. ओतलेली वाइन दोन बोटांहून अधिक नसते. ती आधी हुंगावी, तोंडात घोळवावी आणि जवळ ठेवलेल्या भांड्यात थुंकावी. आपल्या संस्कारांमुळे चारचौघांत थुंकणे अवघड वाटते, परंतु येथे तसे करणाऱ्याला जाणकार समजतात आणि यजमानाला त्याचा राग येत नाही.

क्रम साधारणतः हलक्याकडून भारदस्ताकडे आणि ड्रायकडून गोडाकडे जातो. सिल्वानेर आणि पिनो ब्लाँ या द्राक्षजातींच्या वाइनने आरंभ होतो, मग रीस्लिंग, नंतर पिनो ग्री, त्यानंतर गुलाब आणि लिचीच्या वासाची गेवुर्त्सट्रामिनर, आणि शेवटी उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड वाइन. पिनो न्वार ही येथील लाल जात आहे आणि क्रेमाँ ही बुडबुड्यांची वाइन अनेकदा या सर्वांच्या आधी दिली जाते. नवख्याने रीस्लिंगवर सर्वाधिक वेळ द्यावा. एकाच शेतकऱ्याची ग्रॅनाइटवरची आणि चुनखडीवरची रीस्लिंग शेजारी शेजारी ठेवून मागावी. पहिलीत लिंबाच्या सालीसारखा तडक आंबटपणा लगेच समोर येतो, दुसरी आधी थोडी मिटून बसते आणि घोट संपल्यावर तिची खारट-आंबट चव जिभेवर बराच वेळ रेंगाळते. जात तीच, हात तोच, पद्धत तीच; जो फरक राहिला तो जमिनीचा.

गोडीबाबत पूर्वी अल्सासमध्ये फार गोंधळ होत असे. बाटली उघडेपर्यंत वाइन ड्राय आहे की गोड हे कळत नसे आणि मीही एकदा माशाच्या जेवणासाठी म्हणून घेतलेली पिनो ग्री सरबतासारखी गोड निघाल्याचा अनुभव घेतला आहे. २०२१ च्या तोडणीपासून मात्र साध्या वाइनच्या लेबलवर गोडीची पातळी छापणे बंधनकारक झाले. सेक म्हणजे ड्राय, दमी-सेक म्हणजे किंचित गोड, म्वालो म्हणजे गोड आणि दू म्हणजे अतिगोड, एवढे चार शब्द पाठ असावेत.

शाकाहारी वाचकांसाठी एक सूचना फार महत्त्वाची आहे, कारण ‘सेंद्रिय’ आणि ‘शाकाहारी’ हे समानार्थी शब्द आहेत असा समज आढळतो. वाइन नितळ करण्यासाठी अंड्यातील पांढरा भाग, दुधातील केसिन, जिलेटिन किंवा माशाच्या वाताशयापासून केलेला पदार्थ वापरण्याची मुभा सेंद्रिय नियमांतही आहे. अनेक शेतकरी यांपैकी काहीच वापरत नाहीत, परंतु ते विचारूनच घ्यावे. जेवणाच्या बाबतीत, पातळ भाकरीसारख्या दिसणाऱ्या फ्लामक्युश या प्रसिद्ध पदार्थावर डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. ते वगळून केवळ कांदा आणि सायीचा, किंवा चीज घातलेला प्रकार मागता येतो. म्युन्स्टर या उग्र वासाच्या स्थानिक चीजबरोबर गेवुर्त्सट्रामिनर अवश्य घ्यावी.

लहान वाइनरीत चव घेण्याचे पैसे कधी घेतले जात नाहीत, कधी माणशी काही युरो घेतले जातात आणि खरेदी केल्यास ते वळते होतात. पैसे घेतले नाहीत, तर निघताना निदान एक-दोन बाटल्या घ्याव्यात. शेतकऱ्याने आपला वेळ आणि माल दिलेला असतो आणि त्याची जाण ठेवणे एवढे आपल्या हाती असते.

बाटल्या घरी आणताना

भारतात परतणाऱ्या प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य करमुक्त आणता येते. ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या दीड लिटर होतात आणि तिसरी मर्यादा ओलांडते. तिच्यावरचा कर बाटलीच्या किमतीहूनही अधिक होऊ शकतो. म्हणून माणशी दोनच बाटल्या निवडाव्यात, आणि त्या मोठ्या नावांच्या नसाव्यात. ज्या शेतकऱ्याची बाग आपण पायी पाहिली त्याच्याच असाव्यात. अल्सासची बाटली बारीक आणि उंच असते. ती नेहमीच्या वाइनच्या खोक्यात किंवा फुगवलेल्या पिशवीत नीट बसत नाही, त्यामुळे वाइनरीतूनच त्या आकाराचे वेष्टन मागून घ्यावे. विमानात हातातील सामानात ती नेता येणार नाही. कपड्यांच्या मधोमध, पेटीच्या कडांपासून दूर ठेवावी.

घरी आल्यावर बाटली लगेच उघडू नये, तिला दोन-तीन आठवडे स्वस्थ राहू द्यावे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात स्वयंपाकघरातील फडताळ ही तिची जागा नव्हे. फ्रिजच्या तळाच्या खणात, उजेड लागणार नाही अशी, आडवी ठेवावी आणि पिण्याच्या वीस मिनिटे आधी बाहेर काढावी. ड्राय रीस्लिंग तळलेल्या पापलेटबरोबर किंवा कोथिंबीर वडीबरोबर उत्तम लागते. थोडी गोडसर गेवुर्त्सट्रामिनर खोबऱ्या-वेलचीच्या सौम्य रश्श्याला साजते.

फ्रिजमध्ये काही दिवस राहिल्यावर कधी बाटलीच्या तळाशी किंवा बुचाला काचेच्या चुऱ्यासारखे चमकणारे खडे दिसतात. वाइन बिघडली असे समजून ती फेकू नये. जे शेतकरी बाटलीत भरण्यापूर्वी वाइन कृत्रिमरीत्या अतिशीत करत नाहीत, त्यांच्या बाटलीत ते अनेकदा आढळतात. ते टार्टरिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक असतात. आपल्या चिंचेचा आंबटपणाही याच आम्लाचा. बाटली तासभर उभी ठेवावी, खडे तळाशी बसू द्यावेत, आणि शेवटचे बोटभर सोडून बाकीची वाइन अलगद ओतावी.